लाच, वेस आणि संदेष्टे: नेत्यांच्या भ्रष्टाचाराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबलच्या जुन्या करारात राजे, न्यायाधीश, याजक आणि श्रीमंत जमीनदार यांच्या भ्रष्टाचारावर फार थेट लिहिले आहे, तरी ही पाने उपासनेत क्वचितच वाचली जातात. बायबल अभ्यासाच्या वर्गांत आणि युवकांच्या सभांत या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. इ.स.पू. आठव्या शतकातील आमोस, यशया आणि मीखा यांच्यावर अधिक भर आहे, कारण लाचखोर नेतृत्वाचे इतके तपशीलवार वर्णन इतरत्र सापडत नाही. वचनांचा आशय साध्या मराठीत सांगितला आहे. ते शब्दशः उतारे नाहीत.

संदेष्टे म्हणजे भविष्य सांगणारे लोक. राज्यकारभाराशी त्यांचा काय संबंध?

भविष्याविषयी ते बोलले हे खरे, परंतु त्यांच्या बोलण्याचा मोठा भाग त्यांच्या डोळ्यांसमोर चाललेल्या गोष्टींविषयी आहे. इस्राएलात राजाची सत्ता अंतिम मानलेली नव्हती. राजाच्या वर नियमशास्त्र होते आणि ते परमेश्वराने दिलेले आहे अशी श्रद्धा होती. त्यामुळे राजानेच ते मोडले तर त्याच्यापुढे उभे राहून तसे सांगणारा कोणीतरी हवा होता, आणि ते काम संदेष्ट्यांनी केले. दाविदाने उरीयाची पत्नी घेतली आणि उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारवले, तेव्हा नाथान राजवाड्यात गेला आणि एका गरीब माणसाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगून त्याने राजाच्याच तोंडून राजाचा निवाडा वदवून घेतला.

देवाचा निरोप सांगणारे लोक शेजारच्या दरबारांतही होते. अश्शूर साम्राज्याच्या निनवे या राजधानीत सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर अशा लोकांचे बोल कोरलेले आहेत, पण त्यांचा बराचसा भर राजाला विजयाचे आणि दीर्घ राज्याचे आश्वासन देण्यावर आहे. राजाने गरिबाची जमीन बळकावली म्हणून त्याच्या घराण्याचा अंत जाहीर करणारे शब्द पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवणे, हे इस्राएलाचे वेगळेपण आहे.

त्या काळी भ्रष्टाचार नेमका कोणत्या स्वरूपाचा होता?

हे समजण्यासाठी गावाची वेस डोळ्यांसमोर आणावी लागते. न्यायासाठी वेगळी इमारत नसे. वेशीत गावचे वडील बसत, जमिनीचे व्यवहार तेथेच साक्षीदारांसमोर होत आणि तंटेही तेथेच मिटत. तेल दान आणि लाखीश येथील उत्खननांत वेशीतले दगडी बाक सापडले आहेत. ज्याच्याकडे जमीन आणि भाऊबंद होते त्याला वेशीत बाजू घेणारे मिळत. विधवा, अनाथ आणि परमुलखातून आलेला माणूस यांना मात्र वडिलांच्या निःपक्षपातीपणाखेरीज दुसरा आधार नव्हता. म्हणूनच आमोस पाचव्या अध्यायात म्हणतो की हे लोक लाच घेतात आणि वेशीत आलेल्या गरजूला बाजूला सारतात. लाच घेतल्याने पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो एवढेच घडत नाही, तर ज्या एका दारी दुबळ्याला दाद मागता येत होती ते दारच बंद होते.

ते दार बंद झाले की पुढचे सगळे सोपे होई. पीक बुडाले की शेतकरी कर्ज काढी, कर्जापोटी अंगरखा गहाण पडे, मग शेत जाई आणि शेवटी माणूस स्वतःच गुलाम म्हणून विकला जाई. चांदीसाठी निरपराध माणसाला आणि वहाणांच्या एका जोडासाठी गरिबाला विकतात, असे आमोस म्हणतो. क्षुल्लक कर्जापायी माणूस विकला जात होता, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत द्यावे असे निर्गमच्या पुस्तकात सांगितले आहे, कारण गरिबाला रात्री अंगावर घ्यायला दुसरे काही नसते. आमोसाच्या काळचे प्रतिष्ठित लोक हीच गहाणाची वस्त्रे वेदीपाशी अंथरून त्यांवर लवंडत. हा तपशील काल्पनिक वाटू नये. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील एका छोट्या किल्ल्यात 1960 साली इ.स.पू. सातव्या शतकातील एक खापर सापडले. त्यावर एका कापणी करणाऱ्या मजुराचा अर्ज लिहिलेला आहे. आपण ठरलेले काम पुरे केले असूनही आपले वस्त्र काढून नेले, सोबतचे मजूर साक्ष देतील, तेव्हा ते परत मिळवून द्यावे, अशी विनवणी त्याने तेथील अधिकाऱ्याला केली आहे. त्या अर्जाचे पुढे काय झाले हे खापर सांगत नाही.

याच्या जोडीला बाजारातली लबाडी होती. धान्य मापून देण्याचे माप लहान करायचे, चांदी तोलण्याचे वजन जड ठेवायचे आणि गव्हात भुसा मिसळायचा, असा कारभार आमोस आठव्या अध्यायात वर्णन करतो. शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, कधी संपतो आणि आपण धान्य कधी विकायला काढतो, याची हे व्यापारी वाट पाहत, हेही तो नोंदवतो.

मीखाच्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायाचा उल्लेख नेहमी का होतो?

कारण त्या बारा वचनांत नेतृत्वाची तिन्ही अंगे एकाच वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली आहेत. मीखा हा राजधानीचा माणूस नव्हता. तो दक्षिणेकडील यहूदा राज्याच्या पश्चिमेकडील सखल प्रदेशातील मोरेशेथ गावचा होता, आणि यरुशलेमेहून निघणारे हुकूम, वसुली आणि सैनिक ज्या गावांच्या अंगणात येऊन थांबत, अशांपैकी ते एक गाव होते. त्यामुळे त्याच्या बोलण्यात राजधानीविषयी कोणताही भाबडेपणा नाही.

न्याय काय आहे हे जाणणे तुमचे काम नव्हे काय, असा प्रश्न तो प्रमुखांना आणि अधिपतींना आरंभीच विचारतो. त्यानंतर येणारे वर्णन मोठ्याने वाचताना आवाज अडखळतो: हे लोक माझ्या प्रजेची कातडी सोलतात, हाडांवरून मांस ओरबाडतात, हाडे मोडून हंडीत घालायच्या मांसासारखे तुकडे करतात. ज्यांनी राखायचे तेच खात आहेत, असे तो म्हणतो. अकराव्या वचनात नेमका हिशेब येतो. प्रमुख लाच घेऊन न्याय करतात, याजक मोबदला घेऊन शिकवतात, संदेष्टे पैसे घेऊन शकुन सांगतात, आणि इतके करून हे सगळे परमेश्वरावर टेकून म्हणतात की तो आमच्यामध्ये आहे, आमच्यावर संकट येणारच नाही.

माझ्या मते या अध्यायातील सर्वांत जड वाक्य हे शेवटचेच आहे. लाच वाईट, हे कोणत्याही समाजाला सांगावे लागत नाही. परंतु लाचखोर माणूस निर्धास्त का राहतो, याचे उत्तर मीखा देतो: त्याला ‘सर्व ठीक आहे’ असे सांगणारी धार्मिक माणसे पगारावर ठेवलेली असतात. त्याच अध्यायात मीखा अशा संदेष्ट्यांविषयी म्हणतो की दाताखाली काही मिळाले की ते शांती पुकारतात आणि ज्याने तोंडात काही घातले नाही त्याच्याविरुद्ध युद्ध मांडतात. म्हणून बाराव्या वचनातली शिक्षा थेट मंदिरावर येते: तुमच्यामुळे सियोन शेतासारखे नांगरले जाईल, यरुशलेम ढिगारा होईल आणि मंदिराच्या टेकडीवर रान माजेल.

सातव्या अध्यायात तो आणखी एक गोष्ट सांगतो, जिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. सरदार मागतो, न्यायाधीश मोबदल्यासाठी तयार असतो, मोठा माणूस आपल्या मनातली इच्छा बोलून दाखवतो, आणि ते सर्व मिळून ती विणतात. भ्रष्टाचार हा एकट्याचा दुर्गुण नाही, तो संगनमताने चालतो, हे सुमारे 2700 वर्षांपूर्वी इतक्या थोड्या शब्दांत लिहून ठेवले आहे.

सगळे कागदोपत्री कायदेशीर असेल तर संदेष्टे त्याला भ्रष्टाचार म्हणतात का?

होय, आणि याविषयी सर्वांत स्पष्ट प्रकरण नाबोथाचे आहे, जे पहिल्या राजांच्या पुस्तकात एकविसाव्या अध्यायात येते. इज्रेल येथे नाबोथाचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता. अहाब राजाला तो भाजीचा मळा करण्यासाठी हवा होता आणि त्याने मोबदला देऊ केला. नाबोथाने वाडवडिलांचे वतन देण्यास नकार दिला. इस्राएलात जमीन ही कुटुंबाला देवाकडून मिळालेली ठेव मानली जाई, म्हणून त्याचा नकार हा हट्ट नसून धर्मनिष्ठा होती.

पुढे ईजबेल राणीने जे केले त्यात वरवर पाहता एकही नियम मोडलेला दिसत नाही. तिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहर उठवली आणि ती गावच्या वडिलांना पाठवली. उपवास जाहीर झाला, सभा भरली, नियमशास्त्राला लागतात तसे दोन साक्षीदार उभे राहिले, देवाची आणि राजाची निंदा केल्याचा आरोप सिद्ध झाला आणि नाबोथाला गावाबाहेर धोंडमार झाली. साक्षीदार खोटे होते हे वडिलांना ठाऊक होते, कारण पत्रातच तसे लिहिले होते. तरीही त्यांच्यापैकी कोणी नकार दिल्याची नोंद नाही. अहाब मळ्याचा ताबा घ्यायला गेला तेव्हा तेथे एलीया संदेष्टा उभा होता, आणि त्याचे पहिले शब्द होते की तू खून करून वर वतनही घेतलेस काय. पत्रे राणीने लिहिली होती आणि धोंडे गावकऱ्यांनी मारले होते, तरी लाभ ज्याला झाला त्याला एलीयाने जबाबदार धरले.

हाच एलीया महाराष्ट्रात एका वेगळ्या समाजाच्या श्रद्धेचा केंद्रबिंदू आहे. कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंमध्ये त्याला एलियाहू हन्नाबी म्हणतात, अलिबागजवळच्या खंडाळे गावाशी त्याच्या दर्शनाची परंपरा जोडलेली आहे, आणि नवसफेडीच्या मलिदा विधीत त्याचेच स्मरण होते.

यशया एक पाऊल पुढे जातो. दहाव्या अध्यायाच्या आरंभी तो अन्यायाचे नियम करणाऱ्यांना आणि जुलमी आदेश लिहून काढणाऱ्यांना धिक्कारतो, कारण त्या लिखाणामुळे गरिबांचा हक्क हिरावला जातो आणि विधवा त्यांची लूट होतात. म्हणजे केवळ कायदा मोडणारा दोषी नाही. लुटीला सोयीचा कायदा लिहिणाराही दोषी आहे.

देश समृद्ध होत असेल आणि राज्यकर्ता मोठी कामे करत असेल, तर त्याचे दोष पोटात घालू नयेत का?

आमोसाने नेमका समृद्धीच्या काळातच तोंड उघडले. उत्तरेकडील इस्राएलावर दुसऱ्या यराबामाचे राज्य होते. सीमा विस्तारल्या होत्या, व्यापार वाढला होता. हस्तिदंती पलंगांवर पसरणाऱ्या आणि राष्ट्राच्या दुर्दशेचे दुःख न वाटणाऱ्या लोकांविषयी आमोस सहाव्या अध्यायात बोलतो, आणि शोमरोन या इस्राएलाच्या राजधानीतील राजवाड्याच्या परिसरातील उत्खननात कोरीव हस्तिदंताचे शेकडो तुकडे खरोखर मिळाले आहेत. वैभव खोटे नव्हते. ते कोणाच्या अंगावर उभे होते, हा त्याचा प्रश्न होता.

यहूदाच्या यहोयाकीम राजाविषयी यिर्मयाने बाविसाव्या अध्यायात जे म्हटले आहे ते याहून स्पष्ट आहे. मिसरच्या फारोला खंडणी देण्यासाठी या राजाने देशावर कर बसवला होता, आणि त्याच्याच कारकिर्दीत स्वतःसाठी प्रशस्त माड्यांचे, गंधसरूच्या तक्तपोशीचे आणि तांबड्या रंगाने रंगवलेले घर उभे राहत होते, तेही मजुरांना मजुरी न देता. यिर्मया त्याला विचारतो की गंधसरूच्या बाबतीत तू इतरांवर ताण केलीस म्हणून राजा ठरतोस काय. मग तो त्याला त्याच्या वडिलांची, योशीयाची आठवण देतो: तोही खात-पीत होता, पण त्याने गरिबांचा न्याय केला, आणि परमेश्वर म्हणतो, मला ओळखणे म्हणजे हेच नव्हे काय?

देवाला ओळखणे आणि गरिबाला न्याय देणे या दोन गोष्टी संपूर्ण बायबलमध्ये इतक्या जवळ क्वचितच आणल्या गेल्या असतील. या एका वाक्याची सवय होऊ नये असे मनापासून वाटते.

नेता मंदिराला उदार देणग्या देत असेल, उपासनेला नियमित येत असेल, तर?

या प्रश्नावर संदेष्ट्यांमध्ये कोठेही मतभेद नाही. यशयाच्या पहिल्याच अध्यायात परमेश्वर म्हणतो की तुमच्या बलिदानांचा मला वीट आला आहे, तुम्ही हात पसरले तरी मी डोळे झाकीन, कारण तुमचे हात रक्ताने भरले आहेत. आमोस म्हणतो की तुमची गाणी दूर करा आणि न्यायाला पाण्यासारखे वाहू द्या. यिर्मया मंदिराच्या दारातच उभा राहून विचारतो की हे घर तुम्हाला लुटारूंची गुहा वाटते काय. गुहेत लूट होत नसते; लूट करून आल्यावर लुटारू जेथे सुरक्षित बसतात ती गुहा. मंदिराचा असा उपयोग होतो आहे, हा यिर्मयाचा आरोप आहे, आणि पुढे येशूने मंदिरातील सराफांचे चौरंग उलथले तेव्हा हेच शब्द वापरले.

यामागे नियमशास्त्रातील एक मूलभूत विधान आहे: परमेश्वर कोणाचा पक्षपात करत नाही आणि लाच घेत नाही, असे ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात म्हटले आहे. ज्या पैशाची नाबोथाच्या मळ्यासारखी कहाणी असेल तो दानपेटीत टाकून देवाला आपल्या बाजूने वळवता येत नाही.

संदेष्टे स्वतः विकले जात नसत का?

विकले जात, आणि बायबलने ते लपवलेले नाही. अहाबाच्या दरबारात चारशे संदेष्टे एका आवाजात लढाईला जा म्हणत होते. इम्लाचा मुलगा मीखाया याला बोलावायला गेलेल्या दूताने त्याला वाटेत सुचवले की तुझेही बोलणे इतरांसारखेच गोड असू दे. मीखायाने नकार दिला आणि तो तुरुंगात गेला. अहाब लढाईत मेला. अलीशा संदेष्ट्याने कोडातून बऱ्या झालेल्या नामान या परक्या सेनापतीकडून भेट घेतली नाही, पण त्याचा चाकर गेहजी मागून धावत गेला, खोटे बोलून चांदी आणि वस्त्रे घेऊन आला आणि नामानाचे कोड त्याला लागले. शमुवेलासारख्या निर्मळ माणसाच्या मुलांनीसुद्धा बैर-शेबा येथे न्यायाधीश असताना लाच घेतली. यहेज्केल बाविसाव्या अध्यायात अशा संदेष्ट्यांविषयी म्हणतो की अधिपतींनी जे केले त्यावर हे चुना फासतात.

बेथेलचा याजक अमस्या आमोसाला म्हणाला की यहूदात जा, तेथे भाकर खा आणि तेथे संदेश सांग, कारण बेथेल हे राजाचे पवित्रस्थान आहे. आमोसाने उत्तर दिले की मी धंदेवाईक संदेष्टा नाही. मी गुरे राखणारा आणि उंबराच्या फळांची निगा करणारा माणूस आहे. त्याची भाकर राजाच्या हाती नव्हती, म्हणून तो बोलू शकला. आजच्या मंडळ्यांनी, धर्मगुरूंनी आणि धार्मिक संस्थांनी हा संवाद आपापल्या ताळेबंदाशेजारी ठेवून वाचावा, असे वाटते.

असे बोलणाऱ्यांचे पुढे काय झाले?

सर्वांचे सारखे झाले नाही. मीखा वाचला, आणि त्याची कथा त्याच्या पुस्तकात नसून यिर्मयाच्या सव्विसाव्या अध्यायात आहे. सुमारे शंभर वर्षांनंतर यिर्मयाने मंदिराचा नाश जाहीर केला तेव्हा याजकांनी आणि संदेष्ट्यांनी त्याला धरले आणि मृत्युदंड मागितला. तेव्हा देशातील काही वडील उठून म्हणाले की हिज्कीया राजाच्या काळात मोरेशेथच्या मीखाने हेच सांगितले होते; हिज्कीयाने त्याला मारले का? त्याने परमेश्वराचे भय धरले आणि संकट टळले. एका खेडेगावच्या माणसाचे शब्द शतकभर कोणीतरी लक्षात ठेवले होते, म्हणून दुसऱ्या एका माणसाचा जीव वाचण्यास हातभार लागला.

त्याच अध्यायात लगेच उरीयाची हकीकत आहे. हा किर्याथ-यारीम गावचा संदेष्टा यिर्मयासारखेच बोलला, घाबरून मिसरला पळाला, आणि यहोयाकीमाने माणसे पाठवून त्याला धरून आणवले, तलवारीने मारले आणि सामान्य लोकांच्या कबरस्तानात त्याचे प्रेत टाकले. त्याचे स्वतःचे एकही वाक्य आपल्यापर्यंत आलेले नाही. यिर्मयाला शाफानाचा मुलगा अहीकाम याचा पाठिंबा होता म्हणून तो बचावला, असे लेखक स्पष्ट सांगतो. खरे बोलणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणारा वजनदार माणूस असणे किती निर्णायक ठरते, हे यावरून कळते.

यिर्मयाच्या यातना मात्र तेथे संपल्या नाहीत. त्याचा लेखनिक बारूख याने लिहून घेतलेली त्याची गुंडाळी राजासमोर वाचली गेली तेव्हा यहोयाकीम शेगडीपाशी बसला होता. तीन-चार स्तंभ वाचले की तो ते चाकूने कापून आगीत टाकी. ती गुंडाळी ज्याच्या खोलीत प्रथम लोकांना वाचून दाखवली गेली तो शाफानाचा मुलगा गमऱ्या राजाला असे करू नका म्हणून विनवत होता. त्याच नावाची मातीची मोहर 1980 च्या दशकात यरुशलेमेतील उत्खननात सापडली. पुढे सिद्कीया राजाच्या काळात सरदारांनी यिर्मयाला चिखलाच्या आडात सोडले, आणि त्याला बाहेर काढणारा एबद-मलेख हा कूश देशाचा, म्हणजे परका माणूस होता. त्याने दोरांबरोबर जुनी फडकी खाली सोडली आणि ती बगलेत घ्यायला सांगितले, म्हणजे दोर काचणार नाहीत.

अधिकाऱ्यांचा मान राखा असेही बायबल सांगते. मग टीका करणे पाप नाही का?

नव्या करारातील रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा आधार यासाठी बहुधा दिला जातो. परंतु त्याच अध्यायात अधिकारी हा तुझ्या हितासाठी देवाचा सेवक आहे असे म्हटले आहे, आणि सेवकाला धन्यापुढे जाब द्यावाच लागतो. नाथानाने दाविदाला सिंहासनावरून ओढले नाही, यिर्मयाने बंडाची हाक दिली नाही. पण दोघांनीही राजाचा मान राखण्यासाठी राजाचा गुन्हा झाकला नाही. संदेष्टे टीका करतात तेव्हा आरोप नेमका असतो: अमुक जमीन, अमुक मजुरी, अमुक निवाडा. अफवा पसरवणे आणि शिवीगाळ करणे यांना त्यांचे उदाहरण देऊन समर्थन मिळत नाही.

प्रामाणिक नेतृत्व कसे असावे, याची काही ठोस उदाहरणे आहेत का?

आहेत, आणि ती उपदेशाहून अधिक उपयोगी आहेत. अनुवादाच्या सतराव्या अध्यायात राजाने घोडे, बायका आणि सोने-रुपे यांचा साठा करू नये असे सांगितले आहे, आणि नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घेऊन ती जन्मभर वाचावी, म्हणजे भाऊबंदांविषयी त्याच्या मनात गर्व येणार नाही. शमुवेल म्हातारपणी सर्व लोकांसमोर उभा राहून विचारतो: मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाच्या हातून लाच घेऊन डोळेझाक केली? सांगा, मी परत देतो. सत्ता सोडताना भर सभेत असा हिशेब देणारे किती जण आढळतात? नहेम्या यहूदाचा सुभेदार असताना त्याने बारा वर्षे सुभेदाराचा भत्ता घेतला नाही, कारण आधीच्या सुभेदारांनी लोकांवर भार घातला होता आणि त्यांचे चाकरही लोकांवर हुकमत गाजवत होते.

तरी सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट दुसऱ्या राजांच्या बाराव्या अध्यायातील आहे. योवाश राजाने मंदिराच्या दुरुस्तीसाठी येणारा पैसा याजकांच्या हाती ठेवला होता आणि तेविसाव्या वर्षापर्यंत दुरुस्ती झालीच नव्हती. तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटीत पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे येऊन तो मोजत, थैल्यांत बांधत आणि कामावर देखरेख करणाऱ्यांच्या हाती देत. तेथून तो सुतारांना, गवंड्यांना आणि पाथरवटांना मिळे. याजकांना केवळ ताकीद देऊन भागवले नाही. पैसा ज्या हातांतून जात होता ते हात बदलले आणि मोजणी दोघांकडे दिली.

इस्राएल आणि यहूदा बुडाले ते भ्रष्टाचारामुळे की परकीय सैन्यामुळे?

शोमरोन इ.स.पू. 722 च्या सुमारास अश्शूरच्या हाती पडले आणि यरुशलेम इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या. ही साम्राज्ये इतकी बलाढ्य होती की कितीही प्रामाणिक छोटे राज्य त्यांच्यापुढे टिकले असते असे म्हणता येत नाही; योशीयासारखा न्यायी राजाही मगिद्दो येथे मारला गेला. संदेष्टे सैन्याचे महत्त्व नाकारत नाहीत, पण ज्या राष्ट्राने आपल्याच दुबळ्यांना खाऊन टाकले त्याच्यासाठी देव लढणार नाही, हे ते ठामपणे सांगतात.

दोष फक्त नेत्यांचाच का? लोक निर्दोष होते का?

नेत्यांना अधिक कडक शब्द आहेत, कारण त्यांच्या हाती अधिक होते. तरी यिर्मयाच्या पाचव्या अध्यायाचे शेवटचे वचन लोकांना सोडत नाही: संदेष्टे खोटे सांगतात, याजक त्यांच्या तंत्राने सत्ता चालवतात, आणि माझ्या लोकांना हेच आवडते. नाबोथाच्या गावातील वडील आणि धोंडे उचलणारे हात हे राजघराण्यातील नव्हते. वजनात मारणारा दुकानदार आणि वेशीत लाच घेणारा प्रमुख यांची नावे मीखा एकाच पुस्तकात घेतो.

म्हणून हे ग्रंथ विरोधी पक्षाच्या नेत्यावर फेकण्यासाठी वापरणे चुकीचे आहे. आमोस दक्षिणेचा असून उत्तरेत बोलला, पण त्याने यहूदालाही वगळले नाही. मीखा, यशया आणि यिर्मया तर स्वतःच्याच राजधानीविरुद्ध बोलले. जो आपल्या जातीच्या, आपल्या मंडळीच्या किंवा आपल्या पक्षाच्या नेत्याच्या लाचेवर गप्प राहतो आणि इतरांच्या लाचेवर आमोस वाचतो, त्याने आमोस वाचलेला नाही.

मराठीत वाचायला कोठून सुरुवात करावी?

बायबल सोसायटीचे मराठी भाषांतर सहज मिळते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर 1924 साली प्रसिद्ध झाले. विधवा आणि निराश्रित स्त्रियांमध्ये आयुष्य घालवलेल्या बाईने विधवेच्या न्यायाची ही वचने मराठीत आणली, हे ते वाचताना लक्षात असावे. प्रथम मीखाचा तिसरा अध्याय वाचावा आणि त्यानंतर लगेच यिर्मयाचा सव्विसावा, म्हणजे मीखाच्या शब्दांचे पुढे काय झाले ते कळेल. मग आमोसाचे नऊ अध्याय सलग वाचावेत, कारण सुट्या वचनांतून त्याच्या बोलण्याचा ओघ कळत नाही. यशयाचे पहिले, पाचवे आणि दहावे, यिर्मयाचे सातवे आणि बाविसावे, आणि यहेज्केलाचे चौतिसावे प्रकरण, ज्यात मेंढरांना न चारता स्वतःलाच चारणाऱ्या मेंढपाळांविषयी लिहिले आहे, ही त्यानंतर घ्यावीत. गटात वाचत असाल तर प्रत्येक अध्यायापाशी एवढेच विचारावे: येथे कोणाचे काय गेले, ते कोणी घेतले, आणि ते पाहूनही गप्प बसण्यासाठी कोणाला काय मिळाले?